जावयाच्यानं न निघालेलं कार्ट्रिज

“बॅटरी भिंतीवर धरा, जावईबापू. माझ्या टकलावर नको,” अप्पा म्हणाले.

मी बॅटरी भिंतीवर धरली. धनत्रयोदशीची सकाळ होती. स्वयंपाकघरात करंज्या तळल्या जात होत्या, आणि लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला कराडला आलेला मी नवाकोरा झब्बा घालून सासऱ्यांच्या बाथरूममध्ये उकिडवा बसलो होतो. माझ्यापुढे पाटावर अप्पा आणि अप्पांच्या पुढे भिंतीतला शॉवरचा मिक्सर. त्याची मूठ काढून झाली होती, चकचकीत टोपी काढून झाली होती, आतला पितळी नटही काढून झाला होता. एकच वस्तू निघत नव्हती.

“हे कार्ट्रिज,” अप्पांनी पकडीच्या टोकानं दाखवलं. पितळ आणि प्लॅस्टिकचं लिंबाएवढं डबडं होतं ते. “गरम आणि गार पाणी हितं येतं, मिसळतं आणि वर शॉवरला जातं. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून बसून आत चिकटलंय. हे ओढून काढायचं आणि नवं बसवायचं. नवं मी कालच आणून ठेवलंय. दहा मिनिटांचं काम.”

दहा मिनिटांचं काम दोन तास चाललं होतं.

काम सुरू करायच्या आधी अप्पांनी खिशातून टोकदार स्क्रायबर काढून त्या डबड्यावर आणि त्याच्या भोवतीच्या पितळेवर मिळून वरच्या बाजूला एक बारीक रेघ ओढली होती. “आधी खूण. हे दोन्ही बाजूंनी बसतं. उलटं बसलं तर गरमाचं गार आणि गाराचं गरम. खूण न करता काढतो तो फिटर नव्हे, चोर.” मी मान डोलावली होती. मी भूगोल शिकवतो. मान डोलावणं मला चांगलं जमतं.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी, म्हणजे माझं पहिलं अभ्यंगस्नान. जावयाला बादली-तांब्या द्यायचा नाही, गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं करायचं, असं अप्पांनी लग्न ठरलं त्याच दिवशी ठरवलं होतं आणि अख्ख्या आळीला सांगितलं होतं. त्या भरात त्यांनी तांब्याचा जुना बंब मोडीतसुद्धा घातला. मिक्सर स्वतःच्या हातानं बसवला. आणि मी यायच्या आदल्या दिवशी मिक्सरनं मान टाकली. मूठ कुठंही फिरवा, लहान पोरानं केल्यासारखी गार पाण्याची एक धार.

“मी गॅसवर पातेलं ठेवते की,” सासूबाई दारातून म्हणाल्या. हाताला पीठ होतं.

अप्पांनी वळूनही बघितलं नाही. “चौतीस वर्षं आयटीआयमध्ये मी पोरांना फिटर केलं. आणि माझ्या घरात जावई पातेल्यानं आंघोळ करणार?”

“मग त्या पोपटला तरी बोलवा. चौकातच नळ-फिटिंगचं दुकान हाय त्याचं.”

“पोपटला फायलिंगमध्ये, कानस घासायला, मी पस्तीस मार्क दिलेत. तेपण दया म्हणून.”

सासूबाई गेल्या. जाताना माझ्याकडं बघून किंचित हसल्या. ते हसणं कशासाठी होतं ते मला तेव्हा समजलं नाही.

मार्क देणं हा अप्पांचा जुना आजार होता. वर्कशॉपमध्ये प्रत्येक पोराच्या कामाला ते चार रकान्यांत दहापैकी गुण देत: अचूकता, सफाई, वेळ आणि वर्तणूक. पुठ्ठ्याची चिठ्ठी, तांब्याच्या तारेनं कामाला बांधलेली. निवृत्त झाल्यावर वर्कशॉप सुटलं, पुठ्ठा आणि तार सुटली नाही. गच्चीवरच्या टाकीच्या तिन्ही नळांना चिठ्ठ्या होत्या. स्वयंपाकघरातल्या लोणच्याच्या बरणीलासुद्धा होती. त्यावर लिहिलेलं, ‘आंबा. करणार: शालन. अचूकता सात, मीठ किंचित जास्त. सफाई आठ. वेळ नऊ.’ वर्तणुकीपुढं नुसती रेघ, कारण लोणच्याला वर्तणूक नसते. शालन म्हणजे माझ्या सासूबाई. त्या गेली तीस वर्षं अचूकतेत सातच्या वर गेल्या नव्हत्या आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं. दहा गुण अप्पांनी कुणालाच कधी दिले नव्हते. एकदा मी विचारलं तर म्हणाले, “दहा कुणाला देणार? देव उभा केलात समोर तरी साडेनऊ.”

मला त्यांनी किती दिले होते ते मला ठाऊक होतं. मुलगी बघायचा कार्यक्रम झाला तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर सगळे माझा पगार विचारतील म्हणून मी तयारीत होतो. अप्पांनी पगार विचारला नाही. माझे हात बघितले.

“हातानं काय काय येतं?”

“मी भूगोल शिकवतो. बारामतीला, कॉलेजात.”

“म्हणजे नकाशे काढता?”

“नाही. नकाशे छापील येतात.”

अप्पांनी माझ्या हातांवरची नजर काढून पोह्यांच्या बशीकडं वळवली. मुलीनं, म्हणजे सारिकानं, हट्ट धरला म्हणून लग्न झालं. पण त्या दिवसापासून अप्पांनी माझ्या हाती कधी काही दिलं नाही. खिळा असो, स्टूल असो, “असू द्या, जावईबापू, तुम्ही बसा.” दुसऱ्या कुणाला हा मान वाटला असता. मला तो शेरा वाटायचा. आणि म्हणूनच त्या सकाळी बॅटरी धरायला बोलावलं तेव्हा मी झब्बासुद्धा न बदलता धावत गेलो होतो.

अप्पांनी पकड लावून ओढलं. पाना अडकवून ओढलं. गंजावर मारायचा फवारा मारला आणि अर्धा तास थांबून ओढलं. भिंतीला पाय लावून ओढलं, तेव्हा पकड निसटली आणि ते माझ्या अंगावर आले. आम्ही दोघं कमोडला जाऊन टेकलो.

“लागलं नाही ना?” मी विचारलं.

“मला काय लागतंय.” ते उठले, पुन्हा पाटावर बसले, पुन्हा पकड लावली. या खेपेला मी त्यांचा हात जवळून बघितला. पकडीवरची बोटं थरथरत होती. आजार वगैरे काही नव्हता, दोन तास ताकद लावल्यावर कुणाचीही थरथरतील. पण अप्पांनीही ती बघितली. आणि मी बघतोय हेही बघितलं.

त्यांनी पकड खाली ठेवली. पुसून ठेवली. बाकीची हत्यारंही एकेक करून पुसली.

“बोलवा पोपटला,” ते म्हणाले, आणि जेवायलाही न थांबता मधल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

सासूबाईंनी गॅस बंद केला. कढईत अर्ध्या करंज्या तशाच राहिल्या.

“आई, अप्पा दुपारचे झोपले?” सारिका कुजबुजली.

“झोपलं न्हाईत. पडल्यात,” सासूबाई म्हणाल्या. “चौतीस वर्षांत तापातसुद्धा दिवसा पडले न्हाईत.”

मग त्यांनी मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि खालच्या आवाजात जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की काय तेच कळेना. जुलैअखेर अप्पा निवृत्त झाले. तेव्हापासून रोज सकाळी साडेदहाला इस्त्रीचे कपडे घालून, खिशाला स्क्रायबर लावून ते सोप्यात खुर्चीवर बसत. जायचं कुठं नसे. पहिले आठ दिवस सासूबाईंनी बघितलं आणि नवव्या दिवशी त्यांनी कुकरची शिट्टी बिघडवली.

“बिघडवली म्हणजे?”

“म्हणजे बिघडली न्हवतीच. मी म्हटलं बिघडली. ह्यांनी अख्खा दिवस लावला, घासून-पुसून, तेल घालून. सांजच्याला काय खूश होते.” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. “तवापासून आठवड्याला दोन वस्तू मी बिघडवती. शिलाई मशीन झालं, पंख्याचं बटण झालं, दाराची कडी दोनदा झाली. आता घरात बिघडवायला काय राह्यलं न्हाई, जावईबापू. आन हे एक काम खरोखरचं बिघडलं, तर ते ह्यांच्यानं होईना. पोपटला मी अजून सांगावा धाडला न्हाई. तो आला आन त्यानं काढलं, तर हे उद्यापासनं कपडेसुदिक करायचे न्हाईत.”

मला अप्पांची कीव आली. खरं सांगायचं तर त्याबरोबर माझ्या मनात दुसरंही काहीतरी उठलं. पोपट यायच्या आधी तेच काम आपण केलं तर?

“मी एकदा बघू का?” मी म्हणालो.

सारिकानं माझ्याकडं प्रेमानं बघितलं, पण विश्वासानं बघितलं असं मी म्हणणार नाही. सासूबाई मात्र जरा विचारात पडल्या.

“क्षारच हायत न्हवं ते? पाण्याचे?” त्यांनी विचारलं. “मग पकडी कशाला लावत बसलाय? तांब्यापितळेच्या भांड्यावरचं असलं पांढरं आम्ही कशानं काढतो?”

त्यांनी चिंचेचा मोठा गोळा गरम पाण्यात कोळला. त्या दाट कोळात जुन्या धोतराच्या चिंध्या भिजवल्या आणि आम्ही दोघांनी त्या चिंध्या कार्ट्रिजच्या कडेनं सुरीच्या टोकानं आत दाबून भरल्या. बाथरूममध्ये आमटीसारखा वास सुटला. वीस मिनिटांनी चिंध्या काढल्या, नव्या गरम कोळाच्या भरल्या. असं तीनदा केलं. मधल्या खोलीतून आवाज आला की आम्ही दोघं श्वास रोखून बसायचो. सारिका दारात पहाऱ्याला.

चौथ्या खेपेला मी पकड लावली. ओढलं नाही, आधी नुसतं डावीकडं-उजवीकडं हलवलं. काही नाही. पुन्हा हलवलं. आणि मग हाताला काहीतरी जाणवलं. केसभर हललं ते. मी पुन्हा डावीकडं दाबलं, उजवीकडं दाबलं, आतून कुरकुर असा आवाज आला. मी पाय रोवले, डोळे मिटले आणि ओढलं.

बूच निघाल्यासारखा आवाज झाला आणि मी बसलो तो थेट बादलीत.

बादलीत बसल्या बसल्या मी पकड वर धरली. पकडीत कार्ट्रिज होतं. काळपट, क्षारांनी पांढरं झालेलं, चिंचेनं बरबटलेलं. एकोणतीस वर्षांच्या आयुष्यात माझ्या हातानं निघालेली ही पहिली अडकलेली वस्तू होती. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मी बादलीतून उठलो आणि मधल्या खोलीकडं निघालो. अप्पांच्या उशापाशी ते ठेवायचं, एवढंच मला सुचत होतं. काही बोलायचं नाही. नुसतं ठेवायचं.

सासूबाईंनी बाथरूमचं दार आतून लावलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“घाला,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“आत घाला ते परत.”

मला वाटलं त्यांची काहीतरी चूक होतेय. “आई, ते काढायचंच होतं. नवं बसवायचंय.”

“नवं हे बसवतील. आन जुनंबी हेच काढतील. तुम्ही हे सैलसर आत घाला आन त्यांना उठवा.”

बाहेरून सारिका दार वाजवत होती. तिला आत घेतलं. तिनं माझ्या हातातलं कार्ट्रिज बघितलं, तिचा चेहरा उजळला, मग आईकडं बघितलं आणि लगेच सगळं समजलं. लेक कुणाची होती.

“अहो, घाला ना,” ती म्हणाली.

“सारिका, हे मी काढलंय.”

“मला दिसतंय.”

“माझ्या हातानं. तुझ्या वडिलांना जमलं नाही ते. आयुष्यभर ते मला ‘बसा, जावईबापू’ म्हणणार आहेत. आज एक दिवस तरी—”

“एवढ्यासाठीच तर घाला,” सारिका म्हणाली. “तुमच्यापुढं अख्खं आयुष्य आहे हो. त्यांच्यापुढं उद्याची सकाळ आहे.”

मला फार राग आला. सासूबाईंचा आला, तिचा आला, अप्पांचाही आला. कॉलेजात पेपरात चांगले मार्क पडावेत आणि पेपर आपल्याच हातानं फाडायला लावावा, तसं झालं. मी तिथं बराच वेळ ओल्या झब्ब्यानिशी उभा राहिलो. सासूबाईंच्या कपाळावर पिठाचा पट्टा होता आणि हात कोपरापर्यंत चिंचेचे. त्यांनी जुलैपासून किती वस्तू परत आत घातल्या असतील, असं माझ्या मनात आलं.

मी वाकलो आणि कार्ट्रिज भोकात सरकवलं. दोन बोटांनी गेलं ते आत. लोण्यात गेल्यासारखं.

“तेवढ्यानं न्हाई भागायचं,” सासूबाई चिंध्या गोळा करत म्हणाल्या. “तुमच्या तोंडनं म्हणायला पायजे. मी म्हटलं तर त्यांना संशय यील.”

दहा मिनिटांनी, झब्बा बदलून, चहाचा कप घेऊन मी मधल्या खोलीत गेलो. अप्पा अजून भिंतीकडं तोंड करून होते, पण डोळे उघडे होते.

“अप्पा,” मी म्हणालो. पुढचं वाक्य घशातून बाहेर यायला त्या कार्ट्रिजपेक्षा जास्त वेळ लागला. “मीपण ओढून बघितलं. मला काही जमेना. तुम्ही एकदा बघता?”

ते वळले. माझ्याकडं बघितलं. मग उठून बसले, चहा घेतला, बशी पुसल्यासारखी रिकामी केली आणि उभे राहिले.

“बॅटरी घ्या,” ते म्हणाले.

बाथरूममध्ये जाऊन ते पाटावर बसले. मी बॅटरी धरली, भिंतीवर. अप्पा कार्ट्रिजकडं बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा बघितलं. नाकानं दोनदा श्वास ओढला. मग करंगळी कडेच्या फटीत घालून काहीतरी टोकरून काढलं आणि खिशात टाकलं. मला वाटलं क्षाराचा खडा असेल.

“हं,” ते म्हणाले आणि पकड लावली.

मी मनाशी म्हटलं, आता निघेल. निघालं नाही. अप्पांनी ओढलं, दात-ओठ खाऊन ओढलं. मानेच्या शिरा फुगल्या. पकड बदलली, पुन्हा लावली. कपाळावरचा घाम गालावर आला. मी थक्क झालो. दोन बोटांनी आत गेलेली वस्तू दहा मिनिटांत पुन्हा चिकटते कशी? मी पितळेला शिव्या घातल्या, चिंचेला घातल्या. सासूबाई आणि सारिका दारात देवापुढं हात जोडल्यासारख्या उभ्या होत्या.

“घाई करायची नाही,” अप्पा धापा टाकत म्हणाले. “धातूला वेळ द्यायचा.”

चांगली दहा मिनिटं झाली. मग अप्पांनी एक हुंकार दिला आणि कार्ट्रिज बाहेर आलं.

“निघालं,” ते म्हणाले. “शालन, बघितलंस? जावईबापूंच्यानं निघालं नव्हतं.”

“बघितलं की,” सासूबाई म्हणाल्या. “उगाच का पोरं तुमच्या हाताखाली शिकली.”

नवं कार्ट्रिज त्यांनी तासाभरात बसवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तेल-उटणं लावून मी शॉवरखाली उभा राहिलो. अप्पा दाराबाहेर उभे.

“गरम येतंय का?”

“येतंय, अप्पा.”

“वाफ येतीय का?”

“येतीय.”

“मग सावकाश करा.”

नंतर त्यांनी मला ओवाळणीच्या पाटावर बसवलं आणि आलेल्या प्रत्येकाला कार्ट्रिजची गोष्ट सांगितली. साडेदहाला इस्त्रीचे कपडे घालून ते पोपटच्या दुकानात गेले आणि त्यालाही सांगितली. पुढच्या सोमवारपासून पोपटनं त्यांना दुकानात नव्या पोरांना शिकवायला बोलावलं. तिथं ते अकरा वर्षं गेले.

तेवढं मला बरं वाटलं. पण गोष्टीचं काय करायचं ते मला कधीच कळलं नाही. दर दिवाळीला जेवणावळीत ती निघायची आणि दर वर्षी वाढायची. पहिल्या वर्षी मी अर्धा तास ओढलं होतं, पाचव्या वर्षी दीड तास झाला. दहाव्या वर्षी मी रडकुंडीला आलो होतो. “शेवटी मला येऊन म्हणतात कसे, अप्पा, मला काही जमेना,” असं अप्पा म्हणायचे आणि पंगत हसायची. एकदा बारामतीला आले असताना त्यांनी ती माझ्या प्राचार्यांनाही सांगितली. मी लाडू खात असायचो. सारिका टेबलाखालून माझा गुडघा दाबायची. सतरा वर्षं मी तो गुडघा दाबून घेतला. कधी कधी तोंडाशी यायचं की सांगून टाकावं. पण अप्पांचा चेहरा बघितला की लाडवाबरोबर गिळायचो.

गेल्या दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा अप्पांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. अप्पा खुर्चीवर बसून त्याच्याकडं बघत होते. मी चपला काढतोय तोवरच म्हणाले, “जावईबापू, वायसर बदलायचाय. मीपण फिरवून बघितलं. मला काही जमेना. तुम्ही एकदा बघता?”

मी चपला हातात घेऊनच उभा राहिलो. बॅटरी धरण्यापलीकडं सतरा वर्षांत त्यांनी मला कधी काही करायला सांगितलं नव्हतं.

“बघतो, अप्पा.”

“वायसर मधल्या खोलीतल्या कपाटात. हिरवा डबा.”

हिरवे डबे दोन होते. पहिल्यात वायसर नव्हते. त्यात वर एक कुकरची जुनी शिट्टी होती, तारेनं बांधलेल्या चिठ्ठीसकट. अप्पांचं उभं, रेखल्यासारखं अक्षर. ‘कुकरची शिट्टी. बिघाड: नव्हता. दुरुस्त केली.’

मी पलंगावर बसलो. शिट्टीखाली दाराची कडी होती, तिच्यावरही तेच. त्याखाली फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. मी फडकं सोडलं. तेच कार्ट्रिज होतं. त्याच्या कडेला अप्पांनी स्क्रायबरनं ओढलेली रेघ अजून दिसत होती. फडक्यातून एक चिंचोका माझ्या मांडीवर पडला. चिठ्ठी पिवळी पडली होती.

‘काम: चिकटलेले कार्ट्रिज काढणे. करणार: जावई. मदतनीस: शालन.

अचूकता: तीन. परत घालताना वरची खूण खाली गेली.

सफाई: दोन. चिंचोका आत.

वेळ: सात.

वर्तणूक: दहा.’

मी ते तीन-चारदा वाचलं. म्हणजे पाटावर बसल्याबरोबर त्यांनी बघितलं होतं. उत्तरेची खूण मी दक्षिणेला घातली होती, मी, भूगोलाचा मास्तर. आणि तरी ते दोन बोटांनी निघणारं डबडं ते घाम गाळत, शिरा फुगवत दहा मिनिटं ओढत राहिले होते. बायकोसाठी, लेकीसाठी, आणि शेजारी बॅटरी धरलेल्या माझ्यासाठी. माझे डोळे भरून आले. तिथं कुणी नव्हतं म्हणून मी ते पुसले नाहीत.

“सापडला का?” अप्पांनी हाक मारली.

“सापडला,” मी म्हणालो. दुसऱ्या डब्यातला वायसर घेतला. पहिला डबा होता तसा ठेवला, चिंचोक्यासकट.

स्वयंपाकघरात सासूबाई आणि सारिका ओट्याशी उभ्या होत्या. अप्पा खुर्ची पुढं ओढून बसले होते, हातात बॅटरी. त्यांनी ती नळावर धरली. मी पाना लावला आणि हलकेच जोर दिला.

नट सैल होता. नुकताच कुणीतरी सोडवून पुन्हा बोटानं लावून ठेवलेला. दोन बोटांनी फिरला असता.

मी अप्पांकडं बघितलं. अप्पा छताकडं बघत होते.

“घट्ट आहे का?” त्यांनी विचारलं.

“फार घट्ट आहे, अप्पा.”

“घाई करू नका. धातूला वेळ द्या.”

मी पाय रोवले, दात-ओठ खाल्ले, आणि चांगली दहा मिनिटं लावली.